ओळखीच्या चेहऱ्याचा हिशेब: विल्यम शॅलर्ट आणि १९८० चा नटांचा संप

२१ जुलै १९८० रोजी हॉलिवूडमधील चित्रपटांचे आणि दूरचित्रवाणी मालिकांचे चित्रीकरण थांबले. पडद्यावरील नटांची स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड आणि नभोवाणी-दूरचित्रवाणी कलाकारांची ॲफ्ट्रा या दोन संघटनांनी मिळून संप पुकारला होता. किमान मानधनात वाढ ही मागणी होतीच, पण संपाचे मूळ दुसरीकडे होते. पैसे भरून पाहायच्या वाहिन्या, व्हिडिओ कॅसेट आणि व्हिडिओ डिस्क या नव्या वाटांनी नटाचे काम घरोघरी पोहोचणार असेल, तर त्या कमाईत नटाचा वाटा किती, हा तो प्रश्न होता. गिल्डच्या अध्यक्षपदी त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचे विल्यम शॅलर्ट होते. त्यांचा चेहरा अमेरिकेतील प्रत्येक घरात पाठ होता. नाव मात्र विचारले असते तर फार थोड्या प्रेक्षकांना सांगता आले असते.

संप तीन महिन्यांनी मिटला. झालेली तडजोड अनेक सभासदांना पटली नाही, आणि १९८१ च्या निवडणुकीत शॅलर्ट यांना अध्यक्षपद गमवावे लागले. तो करार अपुरा होता का, आणि अपुरा असूनही त्यावर सही करणे बरोबर होते का, हा या अभ्यासाचा विषय आहे. या प्रश्नाचा विचार करताना बहुतेक वेळा वाटाघाटीच्या तीन महिन्यांकडेच पाहिले जाते. माझ्या मते त्याआधीची तीस वर्षे अधिक महत्त्वाची आहेत, कारण शॅलर्ट यांनी वाटाघाटीत ज्या गोष्टीला वजन दिले ती त्यांना स्वतःच्या पोटापाण्याच्या अनुभवातून कळलेली होती. म्हणून आधी ती तीस वर्षे पाहू.

घडण

शॅलर्ट यांचा जन्म ६ जुलै १९२२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. वडील एडविन शॅलर्ट हे ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ या वृत्तपत्राचे नाट्य विभागाचे संपादक होते आणि त्यांनी अनेक वर्षे चित्रपट व नाटकांवर लिहिले. आई एल्झा मासिकांतून चित्रपटसृष्टीविषयी लिहीत असे आणि नभोवाणीवर तिचा कार्यक्रमही होता. अशा घरात वाढलेल्या मुलाला या धंद्यातील झगमगाटाइतकीच त्यातली अनिश्चितता लहानपणापासून दिसत असणार, कारण परीक्षणे लिहिणाऱ्याच्या घरी पडलेल्या चित्रपटांचीही चर्चा होतेच. शॅलर्ट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत शिकले, दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या हवाई दलात लढाऊ विमानाचे वैमानिक झाले, आणि युद्ध संपल्यावर पुन्हा नाटकाकडे वळले.

१९४६ साली हॉलिवूडमध्ये सर्कल थिएटर नावाची एक छोटी नाट्यसंस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांत शॅलर्ट होते आणि चार्ली चॅप्लिन यांचा मुलगा सिडनी हाही होता. येथे प्रेक्षक रंगभूमीच्या चारही बाजूंनी बसत. पडदा नाही, विंग नाही, पाठ वळवून लपायला जागा नाही, आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाचे गुडघे नटाच्या हाताला लागतील इतके जवळ; अशा जागेत खोटा हावभाव तिथल्या तिथे उघडा पडतो. १९४८ साली खुद्द चॅप्लिन यांनी या मंडळींकडून ‘रेन’ हे नाटक बसवून घेतले आणि त्यातील धर्मप्रचारकाची भूमिका शॅलर्ट यांनी केली. पुढे ज्यांचे नाव सौम्य, समंजस, जरा गोंधळलेल्या बापाशी जोडले गेले, त्यांच्या सुरुवातीच्या मोठ्या भूमिकांत आतून जळणारा हा कर्मठ मिशनरी होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९५२ साली फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन ते इंग्लंडला गेले आणि तिथल्या रेपर्टरी नाट्यसंस्थांचा त्यांनी अभ्यास केला. या संस्थांत तोच नट एका आठवड्यात राजा होतो आणि पुढच्या आठवड्यात द्वारपाल. त्यांच्या पुढच्या कारकिर्दीला इतकी साजेशी शाळा दुसरी मिळाली नसती.

१९४९ साली त्यांनी लिया वॅग्नर या अभिनेत्रीशी लग्न केले. या दांपत्याला चार मुलगे झाले. दोन्ही कमावती माणसे नटच, आणि घरात खाणारी तोंडे सहा.

पाहुणा, पण रोजंदारीवरचा

मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘पाहुणे कलाकार’ असे शब्द आले की एखादा नामवंत नट स्नेहापोटी दोन प्रसंगांत येऊन गेला आहे, असे आपण समजतो. अमेरिकन दूरचित्रवाणीतला पाहुणा वेगळा आहे. तिथे मालिकेचे दोन-चार कायमचे नट सोडले, तर प्रत्येक भागातला डॉक्टर, शेरीफ, वकील, बँक व्यवस्थापक, खुनी, साक्षीदार हे सगळे त्या भागापुरते घेतलेले पाहुणे असतात. काही दिवसांचे काम, त्याचे पैसे, आणि पुन्हा एजंटच्या फोनची वाट. १९५० च्या दशकात एका मालिकेचे वर्षाला एकोणचाळीस भाग काढण्याची पद्धत होती, त्यामुळे असे पाहुणे मोठ्या संख्येने लागत. आपण ज्याला चरित्र अभिनेता म्हणतो तो तिथे असा आठवड्याआठवड्याने जगणारा कारागीर होता.

शॅलर्ट या कारागिरांपैकी सर्वांत कामात असलेल्यांपैकी एक होते. ‘गनस्मोक’, ‘पेरी मेसन’, ‘द रायफलमन’, ‘लीव्ह इट टू बीव्हर’ अशा मालिकांतून ते येत-जात राहिले. चित्रपटांतही लहान कामे मिळत गेली. १९५७ च्या ‘द इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन’ या विज्ञानकथेत ते नायकाचे डॉक्टर आहेत. नायक सांगतो की आपण आखूड होत चाललो आहोत, आणि डॉक्टर त्याला शांतपणे समजावतो की माणसे अशी आखूड होत नसतात. पुढे क्ष-किरणांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून त्याच डॉक्टरला उलटे सांगावे लागते. चित्रपटातील अशक्य गोष्ट प्रेक्षकाने खरी मानायची असेल तर ती या डॉक्टरने आधी खरी मानली पाहिजे, आणि शॅलर्ट यांनी ती आवाज न चढवता, जणू रक्तदाबाचा आकडा सांगावा तशी मानली आहे.

त्यांच्या कामाचा नमुना जवळून पाहायचा असेल तर मी ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील २९ डिसेंबर १९६७ रोजी प्रक्षेपित झालेला, ट्रिबल नावाच्या केसाळ प्राण्यांचा भाग सुचवीन. ही मालिका पुढे दूरदर्शनवरून रविवारी सकाळी आपल्याकडेही दाखवली गेली, त्यामुळे तिची ओळख मराठी वाचकाला आहे. या भागात शॅलर्ट निल्झ बॅरिस नावाचे शेतीखात्याचे उपसचिव आहेत. एका अंतराळ-ठाण्यावर एका खास जातीचे बियाणे साठवले आहे आणि त्याच्या राखणीसाठी या गृहस्थांनी सर्वोच्च आणीबाणीचा संदेश पाठवून कॅप्टन कर्कचे लढाऊ जहाज बोलावून घेतले आहे. कर्कला राग येतो, तो त्या बियाण्याला सरळ गहू म्हणतो आणि पहारा म्हणून मोजून दोन शिपाई देतो.

येथून पुढे हा भाग विनोदी आहे, आणि त्यातला प्रत्येक विनोद बॅरिसच्या गांभीर्यावर उभा आहे. शेवटी कर्क कोठाराचे वरचे दार उघडतो आणि धान्य खाऊन टम्म फुगलेले ट्रिबल त्याच्या अंगावर कोसळू लागतात. तो छातीपर्यंत बुडतो, तरी वरून एकेक पडतच राहतो. समोर बॅरिस उभा. ते प्राणी पोट भरून सुस्तावले आहेत असे कानावर पडताच, आपलेच धान्य खाऊन, हे त्याच्या ध्यानात येते, आणि शॅलर्ट यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दिसते तो एका सरकारी माणसाचा अस्सल, जिव्हारी लागलेला धक्का आहे. त्याची मान ताठ होते, हनुवटी पुढे येते, आणि बोट कर्कच्या दिशेने जाते. आपण विनोदी नाटकात आहोत हे त्या माणसाला अजिबात ठाऊक नाही. त्यानंतर कर्कचा सहकारी स्पॉक ट्रिबलांची संख्या १७,७१,५६१ अशी नेमकी सांगतो, तेव्हा हसू फुटते, कारण आधीच्या दहा सेकंदांत बॅरिसने ती आपत्ती खरी करून ठेवलेली असते. हे काम त्यांनी हास्यास्पद करून दाखवले असते तर नायकाचे हसे झाले नसते आणि प्रसंगही उभा राहिला नसता. दुय्यम नटाचे कसब येथे दिसते: दुसऱ्याच्या प्रसंगाला आपल्या पाठीवर उचलून धरणे.

कायमची भूमिका त्यांना फार थोड्या वेळा मिळाली. ‘डोबी गिलिस’ या १९५९ ते १९६३ दरम्यानच्या मालिकेत ते पॉमफ्रिट नावाचे थकलेले, वक्तृत्वपूर्ण शिक्षक होते. त्यानंतर एबीसी वाहिनीवर १८ सप्टेंबर १९६३ रोजी ‘द पॅटी ड्यूक शो’ सुरू झाला. न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन हाइट्स भागात राहणारी पॅटी आणि तिची हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी चुलत बहीण कॅथी, अशा दोन्ही भूमिका तरुण पॅटी ड्यूक करीत असे, आणि शॅलर्ट हे पॅटीचे वडील, वृत्तपत्राचे व्यवस्थापकीय संपादक मार्टिन लेन. वृत्तपत्रवाल्याच्या मुलाने वृत्तपत्रवाला बाप उभा केला. कॅथीचे वडील केनेथ हे मार्टिनचे जुळे भाऊ असल्यामुळे तेही शॅलर्ट यांनाच करावे लागले. तीन हंगामांत मालिकेचे १०४ भाग झाले. त्या तीन वर्षांत त्यांना दर आठवड्याला ठरलेले काम होते. १९६६ मध्ये मालिका बंद झाली आणि ते पुन्हा पाहुणे झाले. ‘स्टार ट्रेक’मधला बॅरिस त्याच्या पुढच्याच वर्षीचा.

या सर्व काळात नाटक त्यांनी सोडले नव्हते. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ लष्करभरतीची कागदपत्रे जाळणाऱ्या नऊ कॅथलिक कार्यकर्त्यांच्या खटल्यावरील ‘द ट्रायल ऑफ द केटन्सव्हिल नाइन’ या नाटकात त्यांनी न्यायाधीशाचे काम केले आणि त्यासाठी त्यांना १९७१ साली न्यू यॉर्कच्या ऑफ-ब्रॉडवे नाटकांसाठी दिला जाणारा ओबी पुरस्कार मिळाला. त्याच दशकात ते पॉप-टार्ट्सच्या जाहिरातीतील मिल्टन नावाच्या बोलक्या टोस्टरचा आवाजही होते. एकाच माणसाच्या त्याच वर्षांतल्या कमाईच्या नोंदींत न्यायाधीश आणि टोस्टर असे दोन्ही यावेत, यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. चार मुलांचे घर असेच चालते.

पुनःप्रक्षेपणाचा प्रश्न

आता हिशेबाकडे येऊ. रंगभूमीवरचा नट प्रयोग करतो तेव्हा त्याला पैसे मिळतात. दुसऱ्या दिवशी प्रयोग हवा असेल तर त्याला पुन्हा बोलवावे लागते. फितीवर चित्रित झालेला नट मात्र एकदाच बोलावला जातो आणि त्याचे काम हजार वेळा दाखवता येते. शिवाय उन्हाळ्यात जुना भाग दाखवून वाहिनीची वेळ भरून निघत असेल, तर नवा भाग काढण्याची आणि त्यासाठी नवे पाहुणे घेण्याची गरज उरत नाही. म्हणजे नटाचे जुने काम त्याच्याच नव्या कामाशी स्पर्धा करू लागते. या नुकसानीची भरपाई म्हणून पुनःप्रक्षेपणाचे मानधन, ज्याला तिथे रेसिड्युअल म्हणतात, ते १९५० च्या दशकात सुरू झाले. १९६० साली गिल्डने चित्रपटांसाठी संप केला. त्या वेळी अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन. त्या संपातून १९६० नंतरच्या चित्रपटांच्या दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणात नटांना वाटा मिळाला आणि निर्मात्यांनी दिलेल्या २२.५ लाख डॉलरमधून निवृत्तिवेतन व आरोग्य योजनेचा पाया घातला गेला. त्या बदल्यात त्याआधीच्या चित्रपटांवरचा हक्क सोडून द्यावा लागला, आणि जुन्या नटांच्या मनातून ते शल्य कधीच गेले नाही.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत मोठी मर्यादा अशी होती की ठरावीक पुनःप्रक्षेपणांनंतर नटाचे मानधन थांबत असे. १९७४ च्या करारात गिल्डने ही मर्यादा काढून टाकली आणि भाग जेव्हा जेव्हा दाखवला जाईल तेव्हा तेव्हा काही ना काही रक्कम मिळण्याची सोय झाली. हा नियम त्यापुढच्या कामाला लागू होता. ‘द पॅटी ड्यूक शो’चे १०४ भाग आणि तो ट्रिबलांचा भाग त्यात बसत नव्हते. ‘स्टार ट्रेक’ तर नंतरच्या काळात सर्वाधिक पुन्हा पुन्हा दाखवल्या गेलेल्या मालिकांपैकी एक ठरली, आणि ‘द पॅटी ड्यूक शो’ही १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘निक ॲट नाइट’वर नव्या पिढीने पाहिला. शॅलर्ट यांचा चेहरा घरोघरी टिकून राहिला तो अशा प्रक्षेपणांमुळे, ज्यांचे पैसे कराराच्या जुन्या मर्यादेनुसार केव्हाच संपलेले होते.

आणखी एक बाब बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. गिल्डच्या आरोग्य योजनेचा लाभ मिळण्यासाठी सभासदाची वर्षाची कमाई एका किमान रकमेच्या वर जावी लागते. नायकाला त्याची काळजी नसते. पाहुण्या नटाच्या बाबतीत मात्र वर्षाच्या शेवटी आलेला पुनःप्रक्षेपणाचा छोटासा धनादेश हाच कुटुंबाला दवाखान्याचे संरक्षण मिळेल की नाही हे ठरवू शकतो. टक्केवारीविषयीचा वाद वृत्तपत्रांत ताऱ्यांच्या लोभासारखा रंगवला जातो. प्रत्यक्षात त्याचा काटा ज्यांच्या घरात हलतो ती माणसे ही असतात.

तीन महिने

शॅलर्ट १९७९ मध्ये कॅथलीन नोलन यांच्यानंतर अध्यक्ष झाले. त्या सुमारास एचबीओ ही वाहिनी उपग्रहावरून देशभर पोहोचू लागून चार वर्षे झाली होती, बेटामॅक्स आणि व्हीएचएस या दोन पद्धतींची यंत्रे दुकानांत होती, व्हिडिओ डिस्क नुकतीच आली होती. यातून किती पैसा उभा राहील हे कोणालाच सांगता येत नव्हते. निर्माते आणि स्टुडिओ म्हणत की बाजार अजून जन्मलाही नाही, वाटा कशाचा मागता. संघटनेचे म्हणणे असे की बाजार जन्मल्यावर मागितले तर उशीर झालेला असतो, कारण एकदा रूढी पडली की ती मोडायला वीस वर्षे लागतात. १९६० पूर्वीच्या चित्रपटांचा अनुभव हाताशी होता, त्यामुळे हे म्हणणे पोकळ नव्हते.

संपाचा परिणाम चटकन दिसला. शरद ऋतूतील नवा हंगाम लांबला. ‘डॅलस’ मालिकेत जे. आर. ला गोळी कोणी घातली हे कोडे मार्च १९८० मध्ये टाकून ठेवले होते. त्याचे उत्तर प्रेक्षकांना २१ नोव्हेंबरपर्यंत मिळाले नाही. सप्टेंबरमध्ये एनबीसीने आधीच चित्रित असलेली ‘शोगन’ दाखवली आणि समोर नवे काही नसताना तिला प्रचंड प्रेक्षक मिळाला. त्याच महिन्यात एमी पुरस्कारांच्या समारंभावर नटांनी बहिष्कार घातला. नामांकन मिळालेल्या अभिनेत्यांपैकी पॉवर्स बूथ एकटेच आले आणि त्यांनी आपला पुरस्कार स्वीकारला.

या काळात अध्यक्षाची अडचण दुहेरी होती. बोलणी ताणली की दबाव निर्मात्यांवर पडत होता, पण तो सभासदांवरही पडत होता, आणि सारख्या प्रमाणात नव्हे. मोठा तारा सहा महिने घरी बसू शकतो. आठवड्याला एक काम मिळवणाऱ्या नटाचे मात्र तीन महिन्यांत बारा आठवडे जातात, त्या बारा आठवड्यांची कमाई वर्षाच्या हिशेबातून वजा होते, आणि त्याबरोबर आरोग्य योजनेची किमान रकमेची अटही हुकू शकते. शिवाय संप केवळ नटांनाच भोवत नाही. प्रकाशयोजना करणारे, रंगभूषाकार, वेशभूषा सांभाळणारे, गाड्या चालवणारे असे सारे कामगार त्याबरोबर घरी बसतात, आणि त्यांना या वाट्यातले काहीच मिळायचे नसते.

सप्टेंबरच्या उत्तरार्धात तत्त्वतः समझोता झाला, सभासदांनी मतदानाने त्याला मान्यता दिली आणि २३ ऑक्टोबर रोजी संप अधिकृतपणे संपला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, ४ नोव्हेंबर रोजी, १९६० च्या संपातील गिल्डचे अध्यक्ष देशाचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

तडजोडीची परीक्षा

करारात किमान मानधनात तीन वर्षांत मिळून ३२.२५ टक्के वाढ होती. पैसे भरून पाहायच्या वाहिन्यांसाठी तयार झालेल्या कार्यक्रमांच्या एकूण उत्पन्नात नटांना ४.५ टक्के वाटा मिळणार होता, पण वर्षभरातील पहिल्या दहा दिवसांचे प्रक्षेपण त्यातून वगळले होते.

टीकाकारांचा रोख या दहा दिवसांवर होता आणि तो समजण्यासारखा आहे. अशा वाहिनीवरचा कार्यक्रम नवा असतानाच सर्वाधिक पाहिला जातो. नेमका तोच काळ मोकळा सोडला, तर उरलेल्या मंद दिवसांवरचा वाटा कागदावर जितका दिसतो तितका हातात येत नाही. टक्काही मूळ अपेक्षेपेक्षा बराच खाली आला होता. ‘लू ग्रँट’ मालिकेचे नायक एड ॲसनर यांच्यासारख्या संपात पुढे असलेल्या नटांना वाटले की तीन महिने सोसल्यानंतर पदरात पडले ते फार थोडे. १९८१ मध्ये ॲसनर निवडणुकीला उभे राहिले आणि त्यांनी शॅलर्ट यांचा पराभव केला.

माझे मत असे आहे की टीका रकमेच्या बाबतीत बरोबर होती आणि माणसाच्या बाबतीत चुकीची. ज्या बाजारात पूर्वी नटाचा हक्कच मान्य नव्हता तिथे तो एकूण उत्पन्नावर, म्हणजे खर्च वजा जाण्याच्या आधीच्या रकमेवर, मान्य करून घेणे ही या कराराची खरी मिळकत होती. हिशेबनिसांच्या हाती गेलेला निव्वळ नफा हॉलिवूडमध्ये बहुधा उरतच नाही. एकूण उत्पन्न मात्र लपवता येत नाही. टक्का पुढच्या करारात वाढवता येतो, पण तत्त्वच नसेल तर वाढवायचे काय? १९६० पूर्वीचे चित्रपट असे हातचे गेले होते, आणि स्वतःचे १०४ भाग विनामोबदला दाखवले जाताना शॅलर्ट यांनी पाहायचे होते. हक्क आधी बांधून घ्यावा, आकड्यासाठी पुढे भांडावे, हा क्रम अशा माणसाला पटला यात आश्चर्य नाही.

तरीही त्या दहा दिवसांचे समर्थन मला करवत नाही. निर्मात्याला नव्या बाजारात पाय रोवायला सवलत द्यायचीच होती, तर ती मुदतीची असायला हवी होती, म्हणजे काही वर्षांनी आपोआप संपणारी. उघड्या तोंडाची सवलत पुढच्या वाटाघाटीत आधार म्हणून पुढे केली जाते. तंत्र बदलले की वाट्याचा प्रश्न नव्याने उभा राहतो हे नंतरही दिसले. २०१२ साली एकत्र झालेल्या या दोन्ही संघटनांच्या नटांनी २०२३ मध्ये इंटरनेटवरच्या प्रक्षेपणाच्या वाट्यासाठी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेपासून संरक्षणासाठी ११८ दिवस संप केला, आणि त्या वेळी मांडलेला मूळ युक्तिवाद १९८० चाच होता.

नंतरचे

पराभवानंतर शॅलर्ट गिल्डपासून दूर गेले नाहीत, आणि मला या प्रकरणातला हा भाग सर्वांत बोलका वाटतो. अध्यक्ष असताना त्यांनी अपंग कलाकारांसाठी समिती स्थापन केली होती. अपंग व्यक्तीची भूमिका असली तरी ती धडधाकट नटाला दिली जाते आणि अपंग नटाला चाचणीलाही बोलावले जात नाही, या अन्यायाकडे संघटनेने त्या समितीद्वारे लक्ष वळवले. अध्यक्षपद गेल्यावर त्यांनी निवृत्तिवेतन व आरोग्य योजनेचे विश्वस्त म्हणून अनेक वर्षे काम केले. या कामाला टाळ्या नसतात. त्यात बैठका असतात, आकडेवारी असते, आणि एखाद्या वयस्क नटाची शस्त्रक्रिया योजनेत बसते की नाही असे प्रश्न असतात. १९९३ साली गिल्डने त्यांना संघटनेच्या सेवेबद्दलचा राल्फ मॉर्गन पुरस्कार दिला.

१९८५ मध्ये ॲसनर यांच्यानंतर अध्यक्षपदी निवडून आल्या पॅटी ड्यूक. पडद्यावरचा बाप आणि पडद्यावरची लेक, दोघेही त्याच खुर्चीत बसले. दोघांचा स्नेह शेवटपर्यंत टिकला, आणि १९९९ मध्ये त्या जुन्या कुटुंबाच्या पुनर्भेटीवर काढलेल्या दूरचित्रपटात ते पुन्हा बाप-लेक म्हणून एकत्र आले.

वय वाढत गेले तसे शॅलर्ट यांना आजोबांच्या, न्यायाधीशांच्या, नगराध्यक्षांच्या भूमिका मिळत गेल्या. ‘ट्रू ब्लड’ मालिकेतील गावाचे नगराध्यक्ष ते होते. चेतातंतूंच्या विकारामुळे पायांतील बळ कमी होत गेले, तरी बोलावणे आले की ते जात. लिया यांचे २०१५ मध्ये निधन झाले. लग्नाला पासष्ट वर्षांहून अधिक काळ झाला होता. २९ मार्च २०१६ रोजी पॅटी ड्यूक गेल्या आणि त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, ८ मे रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी शॅलर्ट यांनी लॉस एंजेलिसमध्ये देह ठेवला.

पडद्यावरचे त्यांचे अखेरचे काम २०१४ मधील, ‘टू ब्रोक गर्ल्स’ या विनोदी मालिकेतले. वयाच्या नव्वदीनंतर, पुन्हा एकाच भागापुरते, पाहुणा म्हणून. त्या कामाचे मानधन, त्या भागाच्या प्रत्येक पुनःप्रक्षेपणातला वाटा आणि निवृत्तिनिधीत पडणारी भर, हे सगळे त्यांनी १९८० साली सही केलेल्या कराराच्या पुढच्या आवृत्तीतील कलमांनुसार ठरत होते.